दोन टिंबांची आरती

चवथीला आरतीचं मंडळ कुणाकडे किती वाजता जाणार, ते वेबपेजवर टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. खजिनदारकाकांनी यादी धाडली: 'कामत: 7:30', 'नाईक: 8:15', अशा ओळींची रांग, म्हणजे अ‍ॅरे. त्या अ‍ॅरेचं ऑब्जेक्ट, म्हणजे जोड्यांचा संच, करायचं: नाव ही 'की' (जिच्यावरून शोधायचं), वेळ ही 'व्हॅल्यू' (जी सापडते). त्यासाठी ऑब्जेक्ट.फ्रॉमएन्ट्रीज 2019पासून जावास्क्रिप्टात, म्हणजे वेबपेजच्या भाषेत, आहेच. (आरतीत वाजतं ते घुमट गोव्याचं वारसा वाद्य ठरलं तेही 2019लाच. पण घोरपडीचं कातडं जाऊन बकऱ्याचं आलं तेव्हाच नाद गेला, असं काका म्हणतात. विचारलेलं नसतानाही.)

कोलनवर स्प्लिट केलं, म्हणजे ओळ तोडली, की वेळही फुटते. बरं, स्प्लिटला 2 तुकड्यांची मर्यादा घातली, तर उरलेलं शेपूट दुसऱ्या तुकड्यात राहावं की नाही? पायथन ही दुसरी भाषा ठेवते. जावास्क्रिप्ट सरळ फेकून देतं. साडेसातचे सात! हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या दारात मंडळाने अर्धा तास आधी येऊन घुमट बडवावं. शेवटी इंडेक्सऑफने पहिला कोलन शोधून कापलं, तर यजमान निघाले 'नाईकः 8' आणि वेळ 15.

"काका, काही ठिकाणी कोलनऐवजी विसर्ग पडलाय."

"दोन टिंबंच ना?"

"दिसायला. युनिकोडात, म्हणजे कंप्युटरच्या अक्षरक्रमांकांत, कोलन 58 आणि विसर्ग 2307."

"अरे बाब, टिंबं दोन. 2307 कुठून काढलीस?" चष्मा कपाळावर चढवून काकांनी स्क्रीनला नाक लावलं. मग काकींना हाक मारली. नेवऱ्यांच्या पिठाचे हात घेऊन काकी आल्या, त्यांनाही दोन्ही सारखेच दिसले. दोन विरुद्ध एक, ठराव मंजूर. स्क्रीनवर पीठ.

"आणि कामत दोनदा आहेत. नुसतं 'कामत' ठेवलं तर दुसरा पहिल्याला पुसून टाकतो. पूर्ण नावं द्या."

"कशाला? वाड्यावर सगळ्यांना ठाऊक आहे कोण कुठला."

वाड्यावर असेल. पण फुकटात काम करणाऱ्याला एक धड यादी मिळू नये? वर काकांनी ती कच्ची लिंक मला न विचारता ग्रुपवर टाकली. थोरले कामत धाकट्याशी जमिनीवरून बोलत नाहीत, आणि पेजवर एकटा धाकटाच. फोन आला. काकांनी तो माझ्यासमोरच घेतला.

"नाही हो, राजकारण कसलं? पोरगा हुशार आहे. फक्त शुद्धलेखन कच्चं."