काच आम्ही घेत नाही

माळा रिकामा करायचं फर्मान निघालं, म्हणून परवा भंगारवाल्याला वर बोलावलं. माझ्या पहिल्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर त्याने नजर टाकली आणि म्हणाला, "काका, काच आम्ही घेत नाही."

"काच कसली? चौदा इंची मॉनिटर आहे!"

"तेच ते. तांबं निघतं थोडं, बाकी समदी काच. नेतो, पण शंभर द्यावे लागतील."

म्हणजे मी त्याला!

मग मी कॅबिनेट पुढे ओढलं. "हे बघ, ३८६ आहे. ४० मेगाबाइटची हार्ड डिस्क." त्याने कलिंगड निवडावं तसं बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. "पत्रा बरा हाय."

तेव्हा या डब्याला नव्या स्कूटरपेक्षा जास्त पैसे मोजले होते हो! मी ते सांगितलंही. तर म्हणतो, "मग स्कूटरच घ्यायची. आज तिला गिऱ्हाईक असतं."

त्याला काय सांगणार? याच्या थोरल्या भावंडासाठी, म्हणजे पीसी-एक्सटीसाठी, आमच्या ऑफिसात खास खोली होती. ८०८८ प्रोसेसर, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ, मेमरी ६४० केबी. पण थाट गाभाऱ्याचा. चपला बाहेर. मोज्याला भोक असलं की माणूस वर्डस्टार, म्हणजे पत्रं टाइप करायचा प्रोग्राम, शिकायचं पुढे ढकलायचा. अख्ख्या ऑफिसात एसी तेवढ्याच खोलीत, त्यामुळे मे महिन्यात साहेबांना एकाएकी एंट्र्या तपासाव्याशा वाटायच्या. दर दोन ओळींनी सेव्ह करायला कंट्रोल-के-एस दाबायचं, कारण वीज मंडळाला आपल्या पत्राची पर्वा नसते. फ्लॉपी रुसली की पडद्यावर 'अबॉर्ट, रिट्राय, फेल?' आम्ही आशेने 'आर' दाबत राहायचो. टेबल सरकवायचं तर ऑपरेटर आधी 'पार्क' कमांड देऊन हार्ड डिस्कचं हेड सुरक्षित जागी न्यायचा आणि तोवर सगळे श्वास रोखून उभे.

धुळीने मशीन बिघडतं, म्हणे. आणि आम्ही? बाहेरच्या हॉलमध्ये फायलींची धूळ खात, घाम पुसत बसलोच होतो की! त्याबद्दल कधी परिपत्रक निघालं नाही. त्या हिरव्या अक्षरांकडे डोळे ताणून मला चष्मा लागला, त्याचं बिल मात्र 'नियमात बसत नाही' म्हणून परत आलं. ते अजून माझ्याकडे आहे.

असो. भंगारवाल्याने कॅबिनेट खांद्यावर टाकलं, तसा मी ओरडलो, "जपून! आत हार्ड डिस्क आहे!"

"चालू हाय का?"

"नाही."

"मग?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. बायकोला मात्र घासाघीस सुचली. तिने शंभरचे साठ केले आणि वर कान तुटलेला कुकर देऊन टाकला. त्याला म्हणे खरा भाव आहे. फ्लॉप्यांचा डबा त्याने उघडूनही न बघता माझ्या हातात परत ठेवला.

खाली जाऊन तो पुन्हा वर आला. "काका, डब्याला पुढनं कुलूप हाय. किल्ली असंल तर द्या, पोरगं खेळंल."

होती. कीबोर्डला कुलूप घालायची ती गोल, नळीसारखी किल्ली कपाटातच होती. दिली नाही. साठ रुपये मी द्यायचे आणि वर किल्लीही?