न्यूग्रेंजचा सूर्यकिरण 1967 साली ‘घडवलेला’ नाही

दर डिसेंबरात हा दावा फिरतो : आयर्लंडमधली न्यूग्रेंजची नवाश्मयुगीन कबर म्हणजे काँक्रीटचं नवं बांधकाम आहे आणि वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी आत शिरणारा सूर्यकिरण 1967 साली उत्खनन करणाऱ्यांनीच जुळवून आणला.

‘दर्शनी भिंत नवी आहे.’ खरं आहे. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ’केली यांच्या उत्खननात (1962–75) पांढऱ्या गारगोट्यांचा थर कबरीवरच्या टेकाडाच्या पायथ्याशी पडलेला मिळाला. तो ढासळलेल्या भिंतीचा, असा अर्थ लावून मागे काँक्रीट घालून ती उभी केली. हा अर्थ अनेक पुरातत्त्वज्ञांना मान्य नाही. दाराजवळच्या वळणदार काळ्या भिंती तर निव्वळ पर्यटकांच्या सोयीसाठी आहेत. हे तिथल्या प्रत्येक फोटोखाली लिहायला हवं.

‘मग आतलंही नवंच असणार.’ इथे दावा कोसळतो. आतल्या दालनाचं सुमारे 6 मीटर उंच छत दगडांचे थर एकावर एक आत सरकवत, चुन्याशिवाय रचलेलं आहे. ते कुणी पुन्हा बांधलेलं नाही. दारापासून दालनापर्यंत जाणाऱ्या बोळाच्या छतातल्या फटी जळकी माती आणि वाळूने बुजवल्या होत्या. त्या मातीच्या कार्बन-14 मापनातून इ.स.पू. 3200च्या आसपासचा काळ मिळतो. छताच्या शिळांवर पाणी वाहून जायला पन्हळी कोरल्या आहेत. आत पाणी ठिबकू नये म्हणून केवढा विचार!

‘दारावरची खिडकी बनावट आहे.’ म्हणजे किरण जिच्यातून आत येतो ती फट. तिची नक्षीदार शिळा उत्खननाआधीच बाहेर डोकावत होती, एकोणिसाव्या शतकात तिची नोंद झाली आहे. फट बंद करायला गारगोटीचे ठोकळे होते. त्यांतला एक जागेवर सापडला, आणि तो पुन्हा पुन्हा ओढल्याचे ओरखडे खालच्या दगडावर होते. बोळाचे आत कललेले दगड सरळ केले, खिडकी उतरवून परत बसवली, हे खरं. पण जमिनीचा चढ पाहा. 19 मीटरच्या बोळात ती जवळपास 2 मीटर चढते. त्यामुळे दालनाची जमीन खिडकीच्या पातळीला येते. दारातून आलेला उजेड वाटेतच अडतो, दालनापर्यंत पोचतो तो फक्त वरच्या फटीतून. दिशेची स्वतंत्र मोजणी 1974 साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आली; निष्कर्ष, दिशा मूळचीच.

‘पाच हजार वर्षांत पृथ्वीच्या आसाचा कल बदलला, मग आज जुळतं कसं?’ कल साधारण अर्ध्या अंशानेच कमी झालाय. म्हणून आज किरण सूर्योदयानंतर साधारण चार मिनिटांनी आत शिरतो. गणितानुसार तेव्हा तो सूर्योदयालाच शिरत असे आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचत असे.