डोंगर चालणाऱ्याचा, मग नदी कुणाची?

गेल्या रविवारी आमच्या जुन्या ट्रेकिंग ग्रुपवर एका मित्राचा मेसेज आला, "घाटात फक्त चालणाऱ्यांना सोडा. राफ्टिंग, झिपलाइन, रिसॉर्टवाली सगळी गर्दी बंद करा. डोंगर चालणाऱ्याचा." तासाभरात वीसेक अंगठे पडले. मी इथून, अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या चँडलरमधून, तीन ओळी लिहिल्या की बाबांनो असं नसतं, चालून आलो म्हणून जागा आपली होत नाही, तर लगेच दुसऱ्याचं उत्तर, "तू पंधरा वर्षं तिकडे. शेवटचा पाऊस कधी बघितलास इकडचा?" ते वाचलं आणि फोन उलटा करून ठेवला. दिवसभर भांडी घासताना, गाडी चालवताना तेच डोक्यात.

मित्राचा राग मला कळत नाही असं नाही. जून २०२४ च्या शेवटी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यानंतर पुणे जिल्ह्यात धडाधड बंदीचे आदेश निघाले. आता कुठे काही झालं की सरसकट बंदी, त्यात वीस वर्षं सह्याद्री पायाखाली घातलेला माणूसही अडकतो आणि दारूच्या बाटल्या घेऊन आलेलाही. म्हणून चालणारे म्हणतात आम्ही वेगळे, आम्हाला सोडा, त्यांना अडवा. इथपर्यंत ठीक आहे. पण त्यापुढचं, की डोंगर आमचाच, ते मला पटत नाही, आणि का पटत नाही ते मला सह्याद्रीत नाही, ग्रँड कॅन्यनच्या तळाशी कळलं.

मागच्या सप्टेंबरात आम्ही तिघं, मी, नवरा आणि तेरा वर्षांची लेक, न्यू हान्स ट्रेलने खाली उतरलो. साडेसहा मैल, पण ४४०० फूट उतार, वाट कुणी दुरुस्त करत नाही, खडी पायाखालून सरकत राहते. कळसूबाईच्या चढापेक्षा कितीतरी जास्त, आणि हिशेब उलटा, आधी उतरायचं आणि दमल्यावर चढायचं. शेवटी लाल मातीच्या घळीतून कोलोराडो नदीवर पोचलो तेव्हा गुडघे थरथरत होते. तिथे हान्स रॅपिड आहे, मोठमोठ्या दगडांतून पाणी आपटत खाली जातं, तो आवाज रात्रभर थांबत नाही. टॅमरिस्कच्या झुडपांच्या सावलीत तंबू टाकले आणि नदीकडे बघितलं तर पाणी चॉकलेटी. वर कुठेतरी पाऊस झालेला, लिटल कोलोराडो या उपनदीतून गाळ आलेला. आमचा फिल्टर दोन लिटरमध्ये बंद पडला.

तेवढ्यात राफ्ट आल्या. हान्स उतरायच्या आधी सगळे इथे थांबतात, किनाऱ्यावर चढून रॅपिड नीट बघतात, मग ठरवतात बोट कुठून घालायची. पण हे लोक बघून गेले नाहीत, सामान उतरवायला लागले. खुर्च्या, टेबलं, बर्फाच्या पेट्या. मी पाठीवर तीन दिवसांचा भात, पोहे आणि दाण्याचा कूट वाहून आणलेला, आणि यांच्याकडे कलिंगड. खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात अगदी मित्राचंच वाक्य आलं. हे चालून आलेले नाहीत. यांनी काय केलंय इथे यायला? दोन मिनिटं मला या लोकांचा खरोखर राग आला होता, आणि तो राग ओळखीचा होता, वीस वर्षांपूर्वी हरिश्चंद्रगडावर स्पीकर लावणाऱ्यांचा यायचा तसाच.

मग त्यांची पुढारी बाई आमच्याकडे आली. पन्नाशीची असेल, उन्हाने रापलेली, बोटांच्या टोकांना भेगा आणि त्या भेगांत सुपरग्लू भरलेला, वल्ही मारणाऱ्यांचे हात पाणी आणि वाळूने असे फाटतात. तिने विचारलं, पुढच्या कॅम्पवर दुसरी टीम आहे, आम्ही सोळा जण आहोत, खालच्या टोकाला उतरलो तर चालेल का? तिला विचारायची गरज नव्हती, किनारा तिचाही तेवढाच होता. नदीवाल्यांना कॅम्प नेमून दिलेले नसतात, पाण्यावर भेटतील त्या टीमशी बोलून ठरवायचं, तू इथे मी तिथे. आम्ही म्हटलं या. मग तिने आमच्या पाण्याच्या बाटलीकडे बघितलं, बोटीवरून एक बादली आणली, नदीचं पाणी भरलं आणि त्यात पांढऱ्या खड्याची पूड टाकून ढवळलं.

तुरटी! मला इतकं भरून आलं की काय सांगू. आईच्या घरी पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की हंड्यात फिरवायचो तीच. मी तिला सांगितलं, आमच्याकडे अख्खा खडा हातात धरून पाण्यात गोल गोल फिरवतात, ती म्हणाली इथले बोटवाले कित्येक वर्षं हेच करतात. अर्ध्या तासात गाळ खाली बसला, वरचं पाणी निथळून घेतलं, मग फिल्टर चालला. लेक बादलीशी बसून गाळ बसताना बघत होती.

रात्री झोपायच्या आधी त्या बाईने पाण्याच्या कडेला वाळूत एक काडी रोवली. सकाळी ती काडी पाण्यात होती. रात्रीतून नदी चढली होती, आणि आकाशात ढग नव्हता. वर ग्लेन कॅन्यन धरण आहे, १९६३ पासून, विजेची मागणी जशी वाढते-उतरते तसं तिथून पाणी सोडतात, म्हणून या वाळवंटातल्या नदीला भरती-ओहोटी असते. बोट बांधताना हे विसरलात तर सकाळी बोट कोरड्या वाळूवर. आणि किनारे लहान होत चाललेत तेही धरणामुळेच, वरून येणारी वाळू तलावातच अडते, खाली पारिया आणि लिटल कोलोराडो या उपनद्या आणून टाकतील तेवढीच. म्हणून १९९६ पासून अधूनमधून मुद्दाम मोठा लोंढा सोडतात, तळाची वाळू उचलून काठावर टाकायला, अलीकडे २०२३ च्या एप्रिलमध्ये सोडला होता. म्हणजे ज्या वाळूवर मी तंबू टाकून राफ्टवाल्यांवर मनातल्या मनात चिडत होते ती वाळूच मुळात मोजून-मापून राहिलेली.

आणि जे मोजकं आहे ते वाटायचं तर नियम लागतात, आणि ते दोघांनाही लागतात, हाच माझा मित्राशी वाद आहे. चालणाऱ्यांचा ग्रुप जास्तीत जास्त अकरा, स्वतःच्या परमिटवर येणाऱ्या बोटवाल्यांचा सोळा जणांचा. नदीवर एका माणसाला वर्षातून एकदाच सहल. शी नदीवाल्यांनी डब्यात भरून शेवटपर्यंत न्यायची, चालणाऱ्यांनी पाण्यापासून दोनशे फूट लांब खड्डा खणून पुरायची आणि कागद परत आणायचा. लघवी मात्र दोघांनीही थेट नदीत, कारण इथे पाऊस इतका कमी की वाळूत केली तर वास महिनोन्महिने राहतो. लेकीला हे सांगताना मला अवघड गेलं, आमच्यात नदीला आई म्हणतात. पण तिने एकदा ऐकलं आणि तसं केलं.

हे नियम काही आकाशातून पडलेले नाहीत. स्वतःची बोट घेऊन जाणाऱ्यांची पूर्वी वेटिंग लिस्ट होती, दहा-दहा वर्षांहून जास्त लांबली होती, पैसे भरून कंपनीबरोबर जाणारे मात्र भरभर जायचे, त्यावरून भांडणं, कोर्टकचेऱ्या सगळं झालं. पार्कच्या २००६ च्या आराखड्यानंतर लॉटरी आली, त्यात जो नुकताच जाऊन आला त्याची चिठ्ठी हलकी आणि जो बरीच वर्षं गेला नाही त्याची जड, म्हणजे लागायची शक्यता जास्त. आजही कंपनीच्या बोटीत बसायला हजारो डॉलर लागतात, पण लॉटरीत नाव घालावं लागत नाही, हे मला अन्यायाचंच वाटतं. पण कुणी असं म्हणालं नाही की नदी फक्त वल्हं मारणाऱ्याची किंवा फक्त पायी येणाऱ्याची.

ग्रुपवर लगेच म्हणतील, तुमच्याकडे जागा भरपूर, माणसं कमी. अहो, ग्रँड कॅन्यनला वर्षाला चाळीस लाखांच्या वर माणसं येतात. बहुतेक वरूनच बघून जातात, आणि खाली मुक्कामाच्या रात्री मोजून दिलेल्या आहेत. आमच्याकडे राजमाचीला, कळसूबाईला तेवढी रात्रींची मोजणी करायला काय हरकत आहे? नाव नोंदवा, आकडा ठरवा, आकडा भरला की थांबा, मग तो चालत येवो नाहीतर बोटीतून. सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक यांच्या मध्ये काहीतरी असतं हे इकडे पंधरा वर्षं राहून मला दिसलं, ते सांगितलं तर मी आगाऊ?

खरं तर या नदीवर बोटवाले आणि चालणारे हे भांडण पहिल्या प्रवासापासूनचं आहे. १८६९ मध्ये पॉवेल नावाचा एक हात गमावलेला मेजर बोटी घेऊन पहिल्यांदा या दरीतून गेला. शेवटाजवळ एक भयंकर रॅपिड आलं, आणि तीन माणसं म्हणाली आता बोटीत बसणं म्हणजे मरण, आम्ही चढून चालत जातो. राहिलेले म्हणाले, वाळवंटात चालत जाणं म्हणजे मरण. दोघांनाही वाटत होतं समोरचा चुकतोय. बोटवाले एक-दोन दिवसांत सुखरूप बाहेर पडले, ते तिघं परत कधी दिसले नाहीत. लेकीला मी ही गोष्ट तंबूत सांगितली, ती म्हणाली मग त्या जागी कोण राहत होतं, त्यांनी मदत नाही केली?

हा प्रश्न मला आला नव्हता. या दरीत हवासुपाई लोक शेकडो वर्षं शेती करत होते, ब्राइट एंजल वाटेवर जिथे आज सगळे पाणी भरायला थांबतात तिथे त्यांची शेतं होती, १९२८ मध्ये त्यातल्या शेवटच्या माणसाला तिथून काढलं, पार्क झालं म्हणून. २०२२ मध्ये त्या जागेचं नाव बदलून हवासुपाई गार्डन्स केलं. नाव मिळालं, शेतं नाहीत. चालणारा कोण, वल्हं मारणारा कोण, आम्ही सगळेच नंतर आलेलो.

आणि इथे माझी बोलती बंद होते, कारण आमच्या घरातही ही गोष्ट आहे. आईच्या आजीचं माहेर मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलं. १९२१ चा मुळशी सत्याग्रह सगळ्यांना शाळेत एका ओळीत शिकवतात, सेनापती बापटांच्या नावासकट, पण आमच्याकडे तो "पौडच्या पुढे मी येणार नाही" या वाक्यात होता, पणजी असं म्हणायची आणि शेवटपर्यंत गेली नाही, असं आई सांगते. ते पाणी घाटाखाली भिऱ्याला पडतं, तिथे वीज होते, ती पूर्वीपासून मुंबईला जाते, आणि वीज करून झालं की तेच पाणी कुंडलिकेत सोडतात. कोलाडचं राफ्टिंग त्या पाण्यावर चालतं. सकाळी पाणी सुटलं की बोटी सुटतात, नाही सुटलं तर नुसते दगड.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही तिथे गेलो होतो. रवाळजेला काठावर उभे होतो, नदी घोट्याएवढी, गाईड म्हणजे जवळच्याच गावातला विशीचा मुलगा, तो एकदम म्हणाला, "सुटलं बघा." मला आधी काहीच दिसलं नाही, मग वरच्या दगडांचा रंग बदलला, मग ते दिसेनासे झाले. लेक आनंदाने ओरडत होती. आणि मी हातात वल्हं धरून विचार करत होते की हे पणजीच्या गावावरून आलेलं पाणी आहे, ज्याच्या काठालाही ती आली नाही त्यावर मी पैसे भरून बसलेय.

त्याच शनिवारी आमचा ट्रेकिंग ग्रुप रतनगडाला चालला होता. मला विचारलं होतं, येतेस का. मी सांगितलं नात्यातलं लग्न आहे. राफ्टिंगला चाललेय असं सांगायची मला लाज वाटली, ती टुरिस्ट लोकांची गोष्ट होती, आणि त्या ग्रुपमध्ये मी टुरिस्ट झाले असते तर माझं इकडे काय उरलं असतं? वर्षातून तीन आठवडे येणारी बाई. चालणारी आहे, तोवर सह्याद्रीची आहे असं मी धरून बसले होते. मित्राचं वाक्य मला इतकं का लागलं ते आता कळतं, इतकी वर्षं ते माझंच वाक्य होतं.

हान्सवरून आम्ही पहाटे पाचला अंधारात चढायला निघालो, ऊन व्हायच्या आत लाल घळ पार करायची होती. राफ्टवाले झोपलेले. आमच्या कचऱ्याची पिशवी त्या बाईने रात्रीच मागून घेतली होती, तुम्हाला एवढं वर चढायचंय, आम्हाला नदी नेते म्हणाली. ती त्यांच्या बोटीला दोरीने बांधलेली टॉर्चच्या उजेडात दिसली, पोह्यांची रिकामी पाकिटं असलेली आमची पिशवी. डायमंड क्रीकपर्यंत, म्हणजे बोटी जिथे बाहेर काढतात तिथवर, ती अजून जवळजवळ दीडशे मैल जाणार होती, जिचं नाव विचारायचंही माझ्या लक्षात राहिलं नाही अशा बाईबरोबर.

काल रात्री ग्रुपवर मोठं उत्तर लिहायला घेतलं होतं, लॉटरी, आकडे, धरण, सगळं. ते पुसलं. एवढंच लिहिलं, "तीन वर्षांपूर्वी तुम्ही रतनगडाला गेलात तेव्हा मी लग्नाला गेले नव्हते. कोलाडला बोटीत होते. खोटं बोलले." बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ज्याने मला पावसाचं विचारलं होतं त्याचाच मेसेज आला, "पाणी किती वाजता सोडतात?"