झाकण

रविवारी सकाळी सव्वाआठला बायको मुलीला घेऊन चर्चमध्ये मिस्साला निघाली. तिथून परस्पर मुलीची पोहण्याची स्पर्धा होती, म्हणजे साडेचारपर्यंत घरात मी एकटा. "मी थांबतो, रोस्टवर लक्ष ठेवतो," असं मी म्हणालो होतो.

"त्यावर लक्ष ठेवावं लागत नाही म्हणून तर ते करतोय," ती दारातून म्हणाली. "कचरा बाहेर ठेव, आईंना फोन कर आणि त्या भांड्याला हात लावू नकोस."

पहिल्या दोन कामांत माझी चूक काढायला जागा नाही.

भांडं म्हणजे स्लो कुकर, मंद आचेवर कितीतरी तास शिजवत बसणारं विजेचं भांडं. आत दीड किलोचा चक रोस्ट, म्हणजे गाईच्या खांद्याचा एकच अखंड तुकडा. संध्याकाळी पाचला शेजारच्या आजी जेवायला येणार होत्या. (इथे ओहायोत पाचला लोक जेवतात. आमच्या वसईत त्या वेळी चहाचं आधण ठेवतात.) पाककृतीही आजींनीच दिलेली. ती मूळची मिसिसिपी राज्यातल्या रिप्ली गावच्या एका बाईंची, १९९०च्या दशकातली. मांस भांड्यात ठेवायचं. त्यावर रँच ड्रेसिंगच्या पावडरीचं एक पाकीट फाडायचं, ग्रेव्हीच्या पावडरीचं दुसरं. लोण्याची एक अख्खी कांडी, ११३ ग्रॅम, वर आडवी निजवायची. भोवती व्हिनेगरमधल्या पाच-सहा पिवळ्या मिरच्या. झाकण. 'लो'. आठ तास. पाणी नाही, तेल नाही, कांदासुद्धा नाही.

मी वेळ मोजली होती. चार मिनिटं. त्यातलं दीड मिनिट लोण्याचा कागद सोडवण्यात गेलं.

चार मिनिटांत झालेल्या स्वयंपाकावर माणसाने विश्वास कसा ठेवायचा? आमच्याकडे मांस म्हटलं की आई शनिवारी रात्रीच आलं-लसूण वाटून ठेवायची. रविवारी मिस्साहून आली की साडीचा पदर खोचून आधी बाटली मसाला काढायची. तो तपकिरी बिअरच्या बाटलीत इतका ठासून भरलेला असायचा की बाटली उलटी धरून बुडावर चार-सहा थपडा मारल्याशिवाय चमचाभरसुद्धा बाहेर येत नसे, आणि यायचा तेव्हा एकदम ढीगभर. मग आई आधी शिंकायची, पाठोपाठ आम्ही सगळे. त्या शिंकांवरून शेजाऱ्यांना कळायचं, यांच्याकडे आज मटण की बीफ की नुसतीच डाळ.

इथे शिंक नाही, धूर नाही, आवाज नाही. सर्वांत वाईट म्हणजे शिट्टी नाही. मी शिट्ट्या मोजत वाढलेला माणूस आहे. कुकर शिट्टी देतो म्हणजे आपल्याशी बोलतो, झालंय की राहिलंय ते सांगतो. हे भांडं आपलं घुम्यासारखं कोपऱ्यात बसून होतं.

नऊ वाजता मी झाकण उघडलं. फक्त चालू आहे की नाही ते बघायला. लोणी निम्मं वितळलं होतं. साडेनऊला पुन्हा, उरलेलं वितळलं का ते बघायला. त्यानंतर माहितीपुस्तिका हाताशी लागली. झाकण एकदा उघडलं की आतली वाफ जाते आणि शिजण्याची वेळ वीस ते तीस मिनिटांनी वाढते, असं त्यात लिहिलं होतं. हे वाचून धक्का बसला. किती उष्णता गेली असेल ते पाहायला मी लगेच झाकण उघडलं.

बारा वाजता काटा टोचून पाहिला. सकाळी कच्चं होतं तेव्हा काटा तरी आत जात होता. आता वहाणेच्या तळव्यात खुपसल्यासारखं वाटलं. चार तास शिजवून मांस आणखी कडक झालं होतं! यात मांसाची चूक नाही, हे मला आता ठाऊक आहे. खांदा हा जनावराचा राबणारा भाग, त्यात कोलाजेन, म्हणजे चिवट तंतू, भरपूर. साठ-पासष्ट अंश सेल्सिअसला मांस आक्रसून पाणी सोडतं, कोलाजेन मात्र सत्तरच्या वर जाऊन तासन्‌तास बसल्याशिवाय विरघळत नाही. विरघळलं की त्याचं जिलेटिन होतं. पायाचं सूप प्यायल्यावर ओठ ओठांना चिकटतात ना, तेच. पण या दोन्हींच्या मधल्या काळात जो काटा टोचेल त्याची झोप उडते.

मी आईला फोन लावला. वसईत रात्रीचे साडेनऊ झाले होते.

"किती शिट्ट्या केल्यास?"

"याला शिट्टी नसते, आई."

पलीकडे शांतता. मग, "मग शिजलं ते कळतं कसं?"

"आठ तास थांबायचं."

"आठ तास! गॅस किती गेला?"

"विजेवर आहे."

"वीज काय तुझ्या बापाची? अख्खा तुकडा कशाला ठेवलास, कापायला हात दुखत होते? आता कच्च्या पपईची फोड टाक. नाहीतर सुपारी." मग जरा थांबून खरं दुखणं बाहेर आलं. "इकडे २०१५ साली कायदा आला तेव्हापासून आम्ही म्हशीवर भागवतोय. तुला तिथे मिळतंय, तर धड शिजव तरी."

कच्ची पपई ओहायोत रविवारी कुठून आणू? सुपारी घरात होती, पण ती एका मित्राच्या सत्यनारायणाची. ती या भांड्यात टाकणं मैत्रीला झेपलं नसतं.

हात गुंतवायला म्हणून मी फोनवर या भांड्याचीच कुंडली काढली. अर्विंग नॅक्सन नावाच्या माणसाने याचं पेटंट १९४० साली मिळवलं. पुढे १९७१ साली हेच भांडं क्रॉक-पॉट नावाने बाजारात आलं आणि घरोघरी गेलं. कल्पना सुचली ती त्याच्या आईने सांगितलेल्या गोष्टीवरून. लिथुआनियातल्या ज्यू घरांत शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घेवडा आणि मांसाचं भांडं बेकरीवाल्याच्या विझत्या भट्टीत ठेवून यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. माझ्या लक्षात आलं, त्या लोकांचं मांस इतकं मऊ का व्हायचं. भांडं दुसऱ्याच्या बेकरीत आणि वर धर्माची बंदी! माझं भांडं चार पावलांवर होतं, आणि मिस्सासुद्धा मी चुकवलेला.

मी सातव्यांदा झाकण उघडलं.

साडेचारला बायको आली. काटा टोचून तिने माझ्याकडे पाहिलं. "कितीदा?"

"एकदा. फार तर दोनदा."

ती काही बोलली नाही, नुसतं ओट्याकडे बोट केलं. झाकण पालथं ठेवलं की त्याच्या काचेवरचं पाणी ओघळून गोल खूण उमटते. तिथे लोण्याने तुकतुकलेली वर्तुळं उमटली होती, एकात एक अडकलेली, ऑलिंपिकच्या कड्यांसारखी. ऑलिंपिकच्या पाच असतात.

बरोबर पाचला आजी भोपळ्याचा 'पाय', म्हणजे भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, घेऊन आल्या. आम्ही आधी तो पाय खाल्ला. मग मी कांदेपोहे केले. ते आजींनी दोनदा घेतले. त्यानंतर मुलीने पोहण्यातलं पदक दाखवलं, मग पुन्हा दाखवलं. पावणेआठला बायकोने काटा घालून जरासा फिरवला आणि अख्खा तुकडा रेषारेषांनी सुटला, सुरी लावावीच लागली नाही. पोट पोह्यांनी भरलेलं असूनही सगळ्यांनी वाढून घेतलं. मी माझ्या ताटात गुपचूप थोडा बाटली मसाला भुरभुरला आणि शिंकलो.

निघताना आजींनी मला दारात बाजूला घेतलं. "खरं सांग, कितीदा उघडलंस?"

"नऊदा."

त्यांनी कोटाची बटणं लावत मान हलवली. "आमच्या ह्यांनी एकदा चौदा वेळा उघडलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून मी त्यांना चर्चला न्यायला लागले."