नववा प्रश्न
पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या संशोधनावरचा एक लेख वाचला, त्यात त्याचं भरपूर कौतुक आहे. आरोग्य, समुपदेशन, शिक्षण, व्यवस्थापन, सगळीकडे सर्वेक्षणं होताहेत म्हणे. होताहेत, पण उत्तरं कोण देतं?

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी भाची समुपदेशनाच्या एम.ए.चा प्रबंध करत होती, विषय ज्येष्ठांमधलं नैराश्य. गूगल फॉर्मची लिंक घरच्या ग्रुपवर टाकली आणि दोन दिवसांत ६० उत्तरं! त्यातलं एक माझ्या बारावीतल्या चिरंजीवांनी आजीच्या नावाने भरलेलं.

मग ती कागद घेऊन आईसमोरच बसली. पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली : गेल्या दोन आठवड्यांत असं किती दिवस वाटलं, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण जास्तीत जास्त २७. प्रश्न गुजरातीत. 'कशात रस वाटत नाही का?' यावर आई म्हणाली, "रस? आंबे संपले की गं." हसलो सगळे. नवव्या प्रश्नाला मात्र, जगणं नकोसं वाटतं का, ती बराच वेळ चष्मा पुसत राहिली.

तिथे कुणी 'कधीकधी' म्हटलं तर त्याच दिवशी त्याच्याशी बोलायला जाणतं माणूस हवं. नुसती बेरीज करून पुढे जाता येत नाही. लिंकवर तर कोण कुठे बसून भरतंय तेही कळत नाही. गाईडने याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. (एम.बी.ए.वाल्यांचं बरं, मंगळ बाजारातल्या दुकानदाराने थाप मारली तर फार तर तक्ता चुकेल.)

भाचीने शेवटी २२ जणांचेच फॉर्म घेतले, समोर बसून. गाईडला संख्या कमी वाटली.