म्हणे, मेंदू थकतच नाही!

‘मेंदू थकत नसतो, आळशी माणूस थकतो. इच्छा तीव्र असेल तर रोज 16 तास अभ्यास सहज होतो. दर तासाला ग्लुकोज घ्या, इच्छाशक्ती पुन्हा भरते. मार्कांवर बक्षीस लावा.’ हे फॉरवर्ड धुळ्यापासून रावेरपर्यंत आमच्या सगळ्या नातेवाइकांत फिरलं, तोवर मी गप्प होतो. आता चोपड्याच्या ताईने त्याची प्रिंट काढून नीटची तयारी करणाऱ्या भाच्याच्या टेबलासमोर चिकटवलीय.

पहिलं वाक्यच घातक. 2022 मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी दोन गटांना सहा तासांहून जास्त वेळ कामाला बसवलं. एकाला डोकं शिणवणारं काम, दुसऱ्याला त्याच धाटणीचं सोपं. वेळ दोघांना सारखाच. मेंदूच्या पुढच्या ज्या भागाच्या जोरावर आपण मन आवरतो, लक्ष धरून ठेवतो, तिथे अवघड कामवाल्यांत ग्लुटामेट नावाचं रसायन वाढलेलं स्कॅनमध्ये दिसलं. आणि पैशांचे पर्याय समोर ठेवल्यावर हीच मंडळी कमी कष्टाचे, लगेच मिळणारे पैसे निवडायला लागली. ग्लुटामेट हेच एकमेव कारण, असा माझा दावा नाही. पण दिवसभर क्लास करून आलेला पोरगा रात्री अकराला फिजिक्सचं पुस्तक उघडं टाकून रील बघतो, त्यात लगेच आळस कुठून दिसला? मे महिना, भिंती अजून तापलेल्या, कूलर गरम हवा फेकतोय, आणि समोर कागद: तू आळशी आहेस!

इच्छेचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतं. दोन तास रटाळ काम करून मरगळलेल्या लोकांना पैसे कबूल केले की कामगिरी सुधारते, हे प्रयोगांत दिसलंय. एवढं डोकं खर्चून पदरात काय पडणार, हा हिशेब मेंदू करतोच. मोबदला वाढला की जास्त खर्चायला तयार होतो. खर्च मात्र माफ होत नाही. केळीला भाव आला म्हणून घड वाहणाऱ्याची पाठ दुखायची थांबते का?

ग्लुकोजचं लवकर आटपतो. थोड्याशा कामाने इच्छाशक्तीची टाकी रिती होते, ही कल्पना 1998 च्या एका प्रयोगाने गाजली. 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी मिळून ती तपासली, परिणाम जवळपास शून्य. टाकीच सापडेना, तर भरता काय?

राहिलं बक्षीस. 1973 मध्ये अमेरिकेत चित्रकलेची आवड असलेल्या लहान मुलांना आधी बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. नंतर मोकळ्या वेळात ती मुलं कमी चित्रं काढू लागली. भाचा हृदयाच्या आकृत्या कुणी न सांगता वहीच्या मागच्या पानांवर काढतो. ताई, तिथे मार्कामागे शंभर रुपये लावू नकोस. लावायचेच तर केमिस्ट्रीला लाव.