गावात सोय 'आहे' म्हणजे नेमकी कोणासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

ठाणे जिल्ह्यातील गावे, शहरे आणि तेथील सोयी यांविषयी मी लिहिलेल्या लेखावर 'एक ठाणेकर' या नावाने आलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली, आणि दुसऱ्या वाचनानंतर माझाच लेख पुन्हा उघडून पाहणे मला भाग पडले. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. माझ्या तक्त्यातील लोकसंख्येची तुलना चुकीची आहे. जनगणनेच्या गाव-निर्देशिकेत, म्हणजे गावागणिक सोयींच्या यादीत, बहुतेक गावांपुढे शाळा, वीज आणि पाणी यांची नोंद असताना मी विनाकारण रडगाणे गात आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील काही लहान गावांची लोकसंख्या घटलेली दिसत असताना तेथे नव्या सोयींवर खर्च करणे अव्यवहार्य आहे. आणि माझ्यासारख्याने नवी मुंबईतल्या ऐरोलीत बसून डोंगरातल्या गावांविषयी लिहिणे सोपे असते. शेवटी, घोडबंदर रस्त्यावरील आपल्या सोसायटीलाही टँकर विकत घ्यावा लागतो, मग वंचित कोण, असा प्रश्न आपण विचारला आहे.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. मी २००१ ची ८१ लाख ३१ हजार आणि २०११ ची ८० लाख ७० हजार ही लोकसंख्या शेजारीशेजारी मांडली आणि 'दशकभरात जिल्हा जवळपास स्थिर राहिला' असे वाक्य लिहिले. पहिला आकडा अविभाजित ठाणे जिल्ह्याचा आहे, तर दुसरा १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यानंतर उरलेल्या सात तालुक्यांचा. प्रत्यक्षात अविभाजित जिल्हा २०११ मध्ये १ कोटी १० लाख ६० हजारांवर पोहोचला होता, म्हणजे दहा वर्षांत ३६ टक्क्यांनी वाढला होता आणि त्या वेळी देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. माझी फसगत कशी झाली तेही सांगतो, कारण ती गंमत मला चूक शोधतानाच उमगली. त्या दशकात जिल्ह्यात सुमारे २९ लाख २८ हजार माणसे वाढली आणि पुढे जे आठ तालुके पालघर जिल्ह्यात गेले त्यांची २०११ मधील लोकसंख्या सुमारे २९ लाख ९० हजार होती. जितके वाढले जवळपास तितकेच वेगळे झाले, त्यामुळे दोन्ही टोकांचे आकडे सारखे दिसले आणि मला संशय आला नाही. तक्ता आता दुरुस्त केला असून दोन्ही वर्षांसाठी अविभाजित जिल्हाच धरला आहे. चुकीचे वाक्य मात्र पुसले नाही, त्यावर रेघ मारून ठेवले आहे.

दुसऱ्या आक्षेपाबाबत माझे मत बदललेले नाही, उलट आपल्या प्रतिक्रियेमुळे ते अधिक नेमकेपणाने मांडता येईल असे वाटते. जिल्ह्याची सरासरी कशी वागते ते आधी पाहू. २०११ च्या गणनेनुसार शहापूर तालुक्याची लोकसंख्या ३ लाख १४ हजार १०३ आणि मुरबाडची १ लाख ९० हजार ६५२, म्हणजे दोन्ही मिळून ५ लाख ४ हजार ७५५. एकट्या उल्हासनगर तालुक्याची लोकसंख्या ५ लाख ६ हजार ९८. आजच्या ठाणे जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भूभाग ज्या दोन तालुक्यांनी व्यापला आहे, त्यांत मिळून राहणारी माणसे सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या एका शहरातील माणसांपेक्षा तेराशेने कमी भरतात. त्यामुळे उरलेल्या पाच तालुक्यांत एखादी सोय शंभर टक्के घरांपर्यंत पोहोचली आहे आणि या दोन तालुक्यांत ती एकाही घरी नाही अशी टोकाची कल्पना केली, तरी जिल्ह्याची सरासरी ९३ टक्क्यांच्या वरच राहील, आणि ते अहवाल वाचणारा कोणताही अधिकारी समाधानाने पुढचे पान उलटेल. जिल्ह्याच्या सरासरीवर बोट ठेवून 'सगळे ठीक आहे' असे म्हणणे म्हणजे ठाणे, कल्याण आणि नवी मुंबई ठीक आहे, एवढेच म्हणणे होय.

सरासरी सोडून गावांची मोजदाद करावी तर दुसरीच अडचण उभी राहते. त्या मोजणीत दीडशे माणसांचे गाव आणि चार हजारांचे गाव यांना एकच किंमत मिळते. पण खरा प्रश्न त्याहून खोल आहे, आणि तो 'गाव' या शब्दातच दडलेला आहे.

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतील गाव म्हणजे महसुली गाव. ज्या हद्दीचा नकाशा तलाठ्याच्या दप्तरात असतो, ती हद्द. त्या हद्दीत किती शाळा आहेत, दवाखाना आहे का, पाण्याची साधने कोणती, हे तेथे नोंदलेले असते आणि एखादी सोय हद्दीत नसेल तर ती ५ किलोमीटरच्या आत आहे, ५ ते १० किलोमीटरवर आहे की १० किलोमीटरच्या पलीकडे, याची खूण केलेली असते. ही पद्धत वाईट नाही. इतक्या मोठ्या देशात प्रत्येक गावाची अशी ओळ तयार होते हेच मला कौतुकाचे वाटते. मात्र शहापूर-मुरबाडकडील महसुली गाव म्हणजे एक गावठाण आणि त्याभोवती विखुरलेले पाच-सात पाडे, हे चित्र त्या ओळीत मावत नाही. शाळा गावठाणात असली की ती साऱ्या गावाला 'आहे', मग एखादा पाडा ओढ्यापलीकडे तीन किलोमीटरवर का असेना. गाव सोडून दुसरीकडच्या सोयीचे अंतर मोजले जाते, पण गावाच्या पोटातले अंतर शून्य धरले जाते.

ऐरोलीत बसून लिहिण्याविषयी आपण जे म्हटले आहे त्याला उत्तर देण्याची ही योग्य जागा आहे. मी शहापूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत अनेक वर्षे शिकवले. कसारा लोकलने आसनगाव, तेथून एसटी किंवा जीप आणि शेवटचा टप्पा पायी, असा माझा रोजचा प्रवास होता. २०११ च्या जनगणनेत प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन मोजणी करणारा, म्हणून माझ्याकडे घरांचा जो गट होता त्यात असाच ओढ्यापलीकडचा एक पाडा होता. त्या पाड्यातली मुले पावसाळ्यात ओढा चढला की चार-चार दिवस शाळेत येत नसत; मी हजेरीपटावर गैरहजेरी मांडत असे. निर्देशिकेत मात्र त्या गावापुढे शाळा होतीच, कारण ती शाळा म्हणजे माझीच शाळा.

तालुक्याच्या प्रशासनाला गाव आणि पाडा यांतला हा फरक ठाऊक नाही असे मुळीच नाही. उन्हाळ्यातील टंचाईच्या बातम्या काळजीपूर्वक वाचल्या तर लक्षात येईल की टँकरची आकडेवारी नेहमी 'इतकी गावे आणि इतके पाडे' अशी दिली जाते, कारण टँकरचा चालक महसुली हद्दीत जाऊन थांबू शकत नाही, त्याला एखाद्या विहिरीपाशीच जावे लागते. तेव्हा संकटाच्या काळात पाडा मोजला जातो आणि नियोजनाच्या तक्त्यात तो गावात विरघळतो. पाण्याच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. घरयादीच्या वेळी, म्हणजे माणसे मोजण्याआधी जनगणनेत घरांची नोंद होते तेव्हा, प्रत्येक घराला पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत विचारला जातो आणि तो घराच्या आवारात आहे, जवळ आहे की दूर, हेही नोंदले जाते. ग्रामीण भागात अर्ध्या किलोमीटरच्या पलीकडचे पाणी 'दूर' समजतात. ही माहिती गाव-निर्देशिकेपेक्षा कितीतरी बारीक आहे. परंतु मुख्य स्रोत म्हणजे वर्षाचा बहुतेक काळ वापरला जाणारा स्रोत, आणि जूनपासून फेब्रुवारीपर्यंत भरलेली विहीर हा अर्थातच बहुतेक काळ झाला. एप्रिल-मे महिन्यांत त्याच विहिरीच्या तळाशी उतरून झऱ्यातले पाणी वाटीवाटीने हंड्यात भरणाऱ्या बायका त्या उत्तरात कोठेही दिसत नाहीत, आणि उत्तर तरीही खोटे नसते. याच शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून आणि पुढे भातसाचे पाणी मुंबईला जात आले आहे, हे मी मूळ लेखात लिहिले होते आणि आपण त्याला 'भावनिक मुद्दा' म्हटले आहे. मला तो भूगोलाचा मुद्दा वाटतो, पण त्यावर वाद वाढवत नाही. २०१९ पासून जलजीवन मिशनमुळे पुष्कळ घरांपाशी नळ पोहोचला, तरी नळजोडणी आणि नळाला मे महिन्यात येणारे पाणी या दोन वेगळ्या रकान्यांच्या गोष्टी आहेत, एवढे नोंदवतो.

आता घटलेल्या लोकसंख्येकडे वळतो, कारण आपल्या प्रतिक्रियेतील सर्वांत गंभीर विधान मला तेच वाटते. लोकसंख्येची प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात झाली. शहापूर आणि मुरबाडमधील कातकरी, ठाकूर आणि वारली कुटुंबांपैकी अनेक कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-कल्याण पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. जो माणूस मोजणीच्या संपूर्ण काळात घरी नाही त्याला घरी मोजायचे नाही, तो जेथे असेल तेथे मोजायचे, असा नियम आहे आणि दुहेरी मोजणी टाळण्यासाठी तो आवश्यकही आहे. माझ्या गटातल्या त्या पाड्यावर मी गेलो तेव्हा काही झोपड्यांच्या दारांना काटेरी फांद्या लावलेल्या होत्या आणि शेजारची म्हातारी सांगत होती, "गुरुजी, ती समदी भट्टीवर हायेत." मी नियमाप्रमाणे त्यांना मोजले नाही. भट्टीवरच्या प्रगणकाने त्यांना मोजले असेल अशी आशा मी तेव्हा केली आणि आजही करतो, परंतु मोजले असले तरी ती माणसे भिवंडीच्या लोकसंख्येत गेली आणि जूनमध्ये भात लावायला, आजारी पडायला आणि मुलांना शाळेत घालायला ती परत त्या पाड्यावरच आली.

याचा परिणाम केवळ कागदावर राहत नाही. आरोग्य उपकेंद्राचा निकष सपाट प्रदेशात ५ हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येला एक असा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हेच आकडे ३० हजार आणि २० हजार आहेत. तेव्हा फेब्रुवारीत रिकामे दिसणारे पाडे त्या ३ हजारांच्या हिशेबात कमी पडतात आणि साप-विंचवाच्या व तापाच्या दिवसांत भरलेले असतात. आपण ज्याला 'घट' म्हणता तिचा काही भाग खरोखर कायमच्या स्थलांतराचा असेल, हे मी नाकारत नाही. मात्र केवळ त्या आकड्यावरून सोयी अव्यवहार्य ठरवणे मला मान्य होणार नाही. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरली जाते तो दिवस, १ मार्च २०२७ असल्यामुळे मोजणीचा हंगामही तोच राहणार आहे.

शहरांविषयी आपण एक वाक्य लिहिले आहे की वाशिंद किंवा खोणीसारख्या ग्रामपंचायतीच्या गावांना शहर म्हणणे ही हातचलाखी आहे. ती माझी नाही, जनगणनेची व्याख्या आहे. किमान ५ हजार लोकसंख्या, पुरुष मुख्य कामगारांपैकी ७५ टक्के बिगरशेती कामांत आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, या तीन अटी पूर्ण झाल्या की नगरपालिका असो वा नसो, ते ठिकाण जनगणनेपुरते शहर ठरते, आणि गटारे, कचरा, नळ हे सारे ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या करावर चालत राहते. शेजारच्या रायगड जिल्ह्यात २०११ मध्ये 'नवी मुंबई पनवेल रायगड' या नावाने नोंदलेले एक जनगणना शहर जवळपास १ लाख ९५ हजार लोकसंख्येचे होते. तेथे पनवेल महानगरपालिका मात्र २०१६ मध्ये आली. उलट प्रकारही आहे. कल्याण-डोंबिवलीतील २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली आणि २०१५ मध्ये परतली, म्हणून त्या महापालिकेची २०११ मधील १२ लाख ४७ हजार ही लोकसंख्या आजच्या हद्दीची नव्हे. माझ्या स्वतःच्या नवी मुंबईत तर १९९२ मध्ये महापालिका झाल्यापासून घणसोली, कोपरखैरणे, दिवा या जुन्या गावांची निर्देशिकेत ओळच उरली नाही. सिडकोने आखलेल्या नव्या वसाहतीतील (नोडमधील) रुंद रस्ता आणि त्याला खेटून असलेल्या गावठाणातील दोन माणसे जेमतेम जातील अशी गल्ली आता एकाच शहराच्या आकड्यात आहेत.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी टाळणार नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायटीत टँकर येतो ही गैरसोय खरी आहे आणि तक्त्यांत तीही दिसत नाही, कारण आपल्या घरी नळ आहे आणि घरयादीत आपले उत्तर 'आवारात नळ' असेच नोंदले जाणार. त्या अर्थाने आपण आणि ओढ्यापलीकडची ती म्हातारी एकाच रकान्याने झाकले गेलेले आहात. फरक इतकाच की आपला टँकर सोसायटीच्या देखभाल खर्चातून फोन केल्यावर येतो आणि तिचा टँकर टंचाईचा प्रस्ताव तालुक्याहून मंजूर होऊन यायचा असतो. आपल्या सोसायटीने गेल्या उन्हाळ्यात महिन्याला किती टँकर घेतले याची नोंद सचिवांकडे असेल, तर ती कृपया कळवावी. नव्या तक्त्यात ठाणे शहरासाठी तो रकाना मी मोकळा ठेवला आहे.